अल-झहरावीला मोठं म्हणायचं ते कशासाठी?

गावचा सर्जन

गेल्या आठवड्यात आमच्या डॉक्टर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरला: अबुल कासिम अल-झहरावी हा शस्त्रक्रियेचा जनक, २०० उपकरणांचा शोधक. अर्ध्या तासात उलट संदेश आला: जनक सुश्रुत, बाकी सगळे नक्कल करणारे. पुढे दोन दिवस जे चाललं ते इथे लिहीत नाही. पण मी या माणसाचं लिखाण बरीच वर्षं अधूनमधून वाचतो आहे आणि त्या भांडणात तो स्वतः कुठेच नव्हता याचं वाईट वाटलं. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ मदीनत अल-झहरा ही खलिफाची राजनगरी होती, तिथला हा. नाव तिथूनच पडलं. जन्म साधारण इ.स. ९३६, मृत्यू १०१३ च्या सुमारास. इ.स. १००० च्या आसपास त्याने ‘किताब अल-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ पुरा केला. बरेचसे भाग औषधांचे आहेत. शेवटचा, तिसावा, शस्त्रक्रियेचा. त्यात आधी डागण्या, मग चिरफाड आणि जखमा, मग हाडं बसवणं. बाराव्या शतकात तोलेदोला क्रेमोनाच्या जेरार्डने हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपात तो शतकानुशतकं वाचला गेला.

माझ्या मते तो मोठा आहे, पण शोधांमुळे नाही. त्याने हत्यारांची चित्रं काढून दिली. सुमारे दोनशे. त्याच्या आधीच्या कुठल्याही ग्रंथात इतकी चित्रं नाहीत. हत्यार पोलादाचं की पितळेचं, केवढं लांब, टोक कसं, हेही सोबत लिहिलं, म्हणजे कॉर्डोबा कधी न पाहिलेला वैद्यही पान लोहारापुढे धरून ते घडवून घेऊ शकेल.

आणि दुसरं म्हणजे बिघडलेलं लिहिलं. प्रस्तावनेतलेच दोन मृत्यू सांगतो. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी कापली, बाई जागीच गेली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्याचा मोठा मूतखडा ओढून काढला, त्याबरोबर मूत्राशयाचा तुकडाच बाहेर आला. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास म्हातारा गेला. झहरावी सांगतो की या म्हाताऱ्यासाठी आधी त्यालाही बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि म्हाताऱ्याची प्रकृती पाहून हा यातून वाचायचा नाही हे त्याने ओळखलं होतं. मी २२ वर्षं तालुक्याच्या गावी ऑपरेशन करतो. नातेवाईक हात जोडून समोर उभे असताना ‘यात हात घालायला नको’ म्हणणं किती जड जातं ते मला माहीत आहे. हजार वर्षांपूर्वी कुणी ते लिहून ठेवलं, आणि तेही ग्रंथाच्या दारातच, याचं मला फार मोल वाटतं.

ताम्रपट

असहमत. लेख मनापासून लिहिला आहे म्हणूनच सविस्तर उत्तर देतो.

सातव्या शतकात अलेक्झांड्रियाला पॉल ऑफ एजिना नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथाचं सहावं पुस्तक शस्त्रक्रियेचं आहे. ते आणि तुमचा तिसावा भाग शेजारी ठेवा. प्रकरणंच्या प्रकरणं त्याच वाटेने जातात. ग्रंथात एखादी शस्त्रक्रिया आहे म्हणजे ती लेखकाने केली, हा निष्कर्ष काढता येत नाही. एमिली सॅव्हेज-स्मिथ यांच्यासारख्या इतिहासकारांनी नेमका हाच इशारा दिलेला आहे. श्वासनलिकेला छेद देण्याचंच घ्या: जुन्यांनी सांगितलं आहे, पण आमच्या मुलखात कुणी केल्याचं मला माहीत नाही, असं झहरावी स्वतःच म्हणतो.

चित्रांचंही तेच. हाताने नकला होत गेल्या तशी चित्रं बिघडत गेली. उतरत्या प्रतींत काही हत्यारं अशी निघाली आहेत की कुठल्या बाजूने धरायचं तेही कळत नाही. लोहाराने त्यावरून काय घडवायचं?

आणि डागण्या! तिसाव्या भागाच्या पहिल्याच खंडात त्यांची ५६ प्रकरणं आहेत. डोकं दुखतंय, डागा. फेफरं येतं, डागा. याला योगदान म्हणायचं का?

गावचा सर्जन

श्वासनलिकेचा दाखला तुम्ही अर्धाच दिलात. पुढची ओळ महत्त्वाची आहे. एका दासीने सुरी घेऊन स्वतःचा गळा कापून घेतला. झहरावीला बोलावणं आलं. ती बळीच्या जनावरासारखी ओरडत होती. त्याने जखम उघडून पाहिली: रक्त थोडं येत होतं, म्हणजे मोठी शीर तुटलेली नव्हती, पण वारा मात्र जखमेतून बाहेर येत होता. त्याने घाईने टाके घातले. पोरगी वाचली, आवाज थोडा घोगरा झाला एवढंच. यावरून तो म्हणतो की श्वासनलिका छेदण्यात धोका नाही.

कुठल्या ग्रीक पुस्तकातून उचललं हे? जुन्यांनी काय म्हटलं, आपल्याकडे कुणी करतं का, आणि मी डोळ्यांनी काय पाहिलं, या तिन्ही गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. मोतीबिंदूतही तसंच. पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढतात असं इराककडून ऐकलं, पण आमच्याकडे केलेलं पाहिलं नाही, असं तो सरळ लिहितो. नक्कल करणारा माणूस ‘मी पाहिलं नाही’ कशाला लिहील?

डागण्यांबद्दल मान्य. तो भाग वाचताना मलाही त्रास होतो. वाहतं रक्त थांबवायला तापलेलं लोखंड ही त्या काळी हातातली मोठी सोय होती, पण फेफऱ्याला डाग देण्याचं समर्थन मी करणार नाही.

पोथीवाचक

डॉक्टर, तुम्ही सुश्रुताला एका ओळीत मिटवलंत. १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सुश्रुतसंहितेत मोजून दिली आहेत. शिष्याने आधी कोहळा, दुधी, कलिंगड कापून हात बसवायचा, शीर टोचायचा सराव कमळाच्या देठावर करायचा, हेही आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, बगदादला बर्मकी वजिरांच्या आश्रयाने, मंका या भारतीय वैद्याच्या हातून सुश्रुत अरबीत गेला होता. इराणी वैद्य अल-राझी त्यातले उतारे देतो. मग फाटलेलं आतडं मोठ्या मुंग्यांच्या जबड्यांनी शिवायची युक्ती दोघांकडेही सापडते, हा काय योगायोग?

आणि नाकाचं काय? कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला गाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते चित्रासह छापून आलं आणि तिथून युरोपातले सर्जन ही रीत शिकले. जिवंत परंपरा ती ही. तिचं ऋण कुणी मांडायचं?

गावचा सर्जन

सुश्रुताला कमी लेखलं असं वाटलं असेल तर शब्द माझे चुकले. कोहळ्यावर सुरी चालवायला लावणारा शिक्षक मला कुणापेक्षाही कमी वाटत नाही.

मुंग्यांचं मात्र जपून म्हणा. झहरावी ती युक्ती ‘काही अनुभवी लोक सांगतात’ एवढंच म्हणून देतो. ती बगदादवरून कॉर्डोबाला पोचली असेलही, पण मधले दुवे हातात नाहीत. पुण्याचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्या कारागिराच्या हातात अफाट कसब होतं, पण त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि कुणीतरी छापलं म्हणून जगाला कळलं. हातातलं कसब कागदावर उतरवणारा भेटला की काय होतं, ते यात दिसतं.

दातांची डॉक्टर

एक छोटी भर. सैल झालेले दात सोन्याच्या तारेने शेजारच्या घट्ट दातांना बांधावेत, चांदीची तार नको, कारण चांदी थोड्याच दिवसांत हिरवी पडते आणि सोनं तसंच राहतं, असं तो सांगतो. हे त्याने तोंडात पाहिलेलं असणार. शिवाय दात उपटण्याआधी दुखरा नेमका कोणता ते नीट ठरवा, दुखण्यामुळे पेशंटच फसतो, चांगला दात उपटला जातो आणि दुखणं तसंच राहतं, हेही आहे. न्हाव्यांच्या हातून असं वारंवार होताना पाहिलं, म्हणतो. माझ्या खुर्चीत आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी चुकीच्या दातावर बोट ठेवतं. ताम्रपट यांचं ग्रीक मूळ मान्य केलं तरी ही ओळ लिहायला तोंडात डोकावलेला माणूसच लागतो.

सुईणीची नात

‘बाळंतपणाच्या चिमट्याचा शोध झहरावीने लावला’ असंही त्या संदेशांत असतं, म्हणून लिहिते. तो चिमटा दातेरी आहे. पोटात मेलेलं मूल अडकलं तर त्याचं डोकं चिरडून बाहेर काढण्यासाठी. जिवंत मूल सुखरूप बाहेर काढणारा चिमटा सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याचा. दोन्ही एकच म्हणणं ही बायकांच्या दुःखाची थट्टा आहे. जिने तो दातेरी चिमटा सोसला तिचा तरी विचार करा.

गावचा सर्जन

अगदी बरोबर, आणि हे ठासून सांगितलंत ते बरं केलंत. पण चेंबरलेन घराण्याचं नाव आलंच आहे तर सांगतो: त्यांनी तो जीव वाचवणारा चिमटा पिढ्यान्‌पिढ्या घरात लपवून ठेवला, धंद्याचं गुपित म्हणून. त्या काळात किती बायका अडून मेल्या असतील! झहरावीने आपली सगळी हत्यारं उघड्यावर मांडली. माझ्यासाठी दोघांतला फरक इथे आहे.

ताम्रपट

उघडं मांडण्याचा मुद्दा पटला. चौदाव्या शतकात फ्रेंच सर्जन गी द शोलियाकने त्याला दोनशेहून जास्त वेळा उद्धृत केलं, १४६५ मध्ये अमास्याच्या सबुंजूओग्लू या तुर्की वैद्याने त्याच्याच आधारावर तुर्कीत सचित्र ग्रंथ केला, हे मलाही माहीत आहे. प्रभाव मी नाकारत नाही. ‘जनक’ आणि ‘शोधक’ हे शब्द मात्र नाकारतो आणि नाकारत राहीन.

सुईणीची नात

डॉक्टर, एक राहिलं. बायकांच्या मूतखड्याचं प्रकरण वाचलंत का? माझी आजी चाळीस वर्षं खेड्यात बाळंतपणं करायची, म्हणून विचारते. अशा ग्रंथात सुईण असते ती फक्त हाताखाली.

गावचा सर्जन

रात्री ते प्रकरण पुन्हा काढलं. तो म्हणतो की बायकांना हा त्रास कमी होतो, पण झाला तर इलाज अवघड, कारण परक्या पुरुषापुढे त्या येत नाहीत आणि हे काम जाणणारी बाई मिळणं दुर्मीळ. तेव्हा बायकांच्या दुखण्यांचा अनुभव असलेली जाणती सुईण बोलवा आणि तिला एकेक पायरी सांगा. बोटाने खडा चाचपायचा, दुसऱ्या हाताने ओटीपोट दाबून तो हळूहळू खाली आणायचा, मग खड्यावर चीर द्यायची. तो फक्त सांगतो. चाचपते ती सुईण आणि चीर देते तीही सुईण. इतकी वर्षं मी ते ‘झहरावीची शस्त्रक्रिया’ म्हणून वाचत आलो. तुम्ही विचारलं नसतं तर तसंच वाचत राहिलो असतो.