मदत हवी आहे: एजंट इकडचा की तिकडचा?

शाहूपुरी_ते_लेस्टर: कादंबरी तयार आहे. लिटररी एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारा) भारतातला धरावा की लंडनचा? सुट्टीवर कोल्हापुरात आलोय, परत जायच्या आत ठरवायचंय. 'आधी भरपूर वाचा' छाप सल्ले नकोत.

उभा_मारुती: भाषा कुठली?

शाहूपुरी_ते_लेस्टर: मराठी. अजून कुठली असणार?

बिंदू_चौक: भावा, मग एजंट कशाला पायजे? मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडं जातोय. माझं बाड मी स्वतः पुण्याला नेऊन दिलं. एजंट असतोय तो प्लॉटचा, नायतर जुन्या गाड्यांचा.

शाहूपुरी_ते_लेस्टर: मराठीत गेल्या दिवाळीतच आलीय हो, पुण्याच्या प्रकाशकाकडून! इंग्रजी अनुवाद तिकडे द्यायचाय.

उभा_मारुती: हे आधी सांगायचं की राव. 'तयार आहे' म्हणजे छापायची आहे असंच सगळे समजले. अनुवाद पूर्ण झालाय का?

शाहूपुरी_ते_लेस्टर: तीन प्रकरणं.

हाउन्स्लोची_सून: मग लंडनच. बहुतेक एजंट पत्र, सारांश आणि पहिली तीन प्रकरणंच मागतात. कमिशन साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २०. वाचायचे पैसे मागितले की तिथूनच नमस्कार करायचा.

बिंदू_चौक: वैनी, लंडनात मराठी वाचणार कोण? जयपूरची सियाही हाय, दिल्लीची रायटर्स साइड हाय, दोन्ही एजन्स्याच, तिथं द्या. ते फुडं तिकडच्या एजंटाला जोडून देत्यात.

हाउन्स्लोची_सून: म्हणजे कमिशनमध्ये दोघं वाटेकरी. आणि मूळ मराठी कुणी वाचायची गरजच नाही, नमुना इंग्रजीत जातो. तो अनुवाद चांगला हवा, बस.

किंडलवाला: एजंट-बिजंट सोडा, ॲमेझॉनवर स्वतः टाका. मी टाकलंय.

बिंदू_चौक: खपलं किती ते सांग की.

डॉलरदादा: अमेरिकेतून रॉयल्टी येणार असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिकडचा कराचा फॉर्म भरा, नाहीतर ३० टक्के कर कापतात. ब्रिटनच्या रहिवाशाला दोन देशांतल्या करविषयक करारामुळे शून्य.

शाहूपुरी_ते_लेस्टर: अमेरिका कुठून आली मध्येच?

कसबा_बावडा_वकील: सगळे एजंटावर भांडताय, हक्क कुणाकडे आहेत ते कुणी विचारलं का? पुण्याच्या करारात अनुवादाबद्दल काय लिहिलंय?

शाहूपुरी_ते_लेस्टर: काढून बघितला. 'सर्व भाषांतील हक्क प्रकाशकाकडे राहतील.' एवढंच. मुदत नाही, देश नाही.

हाउन्स्लोची_सून: अरे देवा. मग अनुवाद कुणाला विचारून सुरू केलात?

कसबा_बावडा_वकील: घाबरू नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. करारात मुदत नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ब्रिटनचे हक्क तुमच्याकडेच, भारतातली इंग्रजी आवृत्ती मात्र त्यांच्या हातात. तरी 'भारताबाहेरचे अनुवादहक्क लेखकाकडे आहेत' असं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. लंडनचा एजंट पहिल्यांदा तेच विचारणार. मूळ करार पाहिल्याशिवाय यापुढं बोलत नाही.

बिंदू_चौक: मग भारतातला एजंट धरून इकडची आवृत्ती काढायची तर पुण्याचा होकार लागणारच. तुमचं लंडनच बरं म्हणायचं, वैनी.

हाउन्स्लोची_सून: आता कसं!

शाहूपुरी_ते_लेस्टर: पुण्याला फोन केला. 'मेल करा, बघतो' म्हणाले.

उभा_मारुती: मेल कराच, पण सुट्टी संपायच्या आत एकदा समोर जाऊन बसा.

राजारामपुरी_९वी_गल्ली: दादा, लेस्टरला विद्यार्थ्याला खोली काय भावानं मिळते? भाचा निघालाय सप्टेंबरात.