मदत हवी आहे: राणीछाप रुपयावरचा रंग टोनिंग की डाग?

नमस्कार मंडळी. आजीच्या डब्यातला १८६२ चा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया माझ्याकडे आला आहे. वजन ११.६ ग्रॅम भरलं. कडेला सोनेरी, मग जांभळट, पुढे निळसर अशी छटा हळूहळू बदलत जाते. नाणं तिरपं धरलं की खालची चमकही फिरते. हे नैसर्गिक टोनिंगच, म्हणजे हवेतल्या गंधकामुळे चांदीवर हळूहळू चढलेला रंगच असावा. पण राणीच्या गालावर एक हिरवट, किंचित चिकट ठिपका आहे. मधली काही वर्षं नाणं पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात होतं, त्याचाच हा डाग असेल का? तो काढायला नाणं शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं तर टोनिंगला धक्का लागेल का? चिंच, लिंबू, ब्रश अजून काहीच लावलेलं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, आजीची एवढीच वस्तू माझ्याकडे आहे.