दवाखान्यातली बाळंतपणं सारखीच, मग बाळं दुप्पट का दगावतात?

निपाणीची पोर
एम.एस.डब्ल्यू. करतेय. प्रोजेक्टसाठी दोन देशांच्या पाहण्या काढल्या आणि डोकं चक्रावलं. पाकिस्तानात २०१७-१८ च्या पाहणीत शंभरातली ६६ बाळंतपणं दवाखान्यात, तरी हजार जन्मांमागे ४२ बाळं पहिल्या महिन्यातच गेलेली. बांगलादेशात २०२२ ला दवाखान्यात ६५, म्हणजे तेवढीच. मृत्यू मात्र हजारी २०. सर म्हणतात, गरिबी लिही. पण बांगलादेश काय श्रीमंत आहे? आपल्या बेळगाव भागात या कामातलं कुणी असेल तर सांगा.

चंदगडचा गडी
गरिबी आहेच की. सर चुकलेले नाहीत. श्रीलंका बघ, हजारी ४ च्या आसपास. तिथं सरकारी दवाखाने फुकट, पोरी शिकलेल्या, गावोगाव सुईणबाई नेमलेली. आपल्याकडं केरळ तसंच. २०२० ला केरळ ४ आणि मध्य प्रदेश ३१, एकाच देशात!

खानापूरची सिस्टर
भावा, श्रीलंका तरी कुठं श्रीमंत आहे? तिचं नाव घेऊन गरिबीचा मुद्दा तूच खोडलास की रे.

मी खानापूर तालुक्यात लेबर रूमला होते, आता रिटायर. पोरी, तुझ्या तक्त्यात बाळ कुठं जन्मलं एवढंच दिसतं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात ते पुसून कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास घेतला नाही तर अंबू बॅगनं, म्हणजे तोंडावर मास्क लावून हातानं दाबायच्या पिशवीनं, हवा द्यायची. हे करणारं माणूस रात्री दोनला तिथं होतं का, ते तक्ता सांगत नाही. एका ठिकाणी (नाव घेत नाही) बॅग कपाटात, कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या बाईंच्या पर्समध्ये, आणि मास्क मोठ्या माणसाच्या मापाचा. कागदावर तेही दवाखान्यातलंच बाळंतपण.

आता बेळगावचंच ऐक. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. श्रीमंत देशांत त्यानं पुष्कळ बाळं वाचली. मग तेच सहा देशांतल्या खेड्यापाड्यांत देऊन बघितलं. पाकिस्तान, केनिया, झांबिया होते, आपला बेळगाव जिल्हाही होता. २०१५ ला निकाल आला तो उलटाच, एकूण नवजात मृत्यू वाढले! बाईचे दिवस नेमके किती भरलेत हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळं ज्यांना गरज नव्हती अशा कितीतरी जणींनाही ते टोचलं गेलं. पुढं २०२० ला भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया, नायजेरियातल्या मोठ्या दवाखान्यांतला निकाल आला. तिथं सोनोग्राफीनं दिवस मोजलेले आणि जन्मल्यावर बाळाला सांभाळायची सोय होती. मृत्यू कमी झाले. औषध तेच बरं का. म्हणून दवाखान्यातली बाळंतपणं किती, एवढ्यावर देश तोलायला गेलीस तर फसशील.

शिवाय दवाखान्यात यायच्या आधीचं असतंच. तुझ्या त्याच पाहण्यांत बघ, पाकिस्तानात बाईमागे सरासरी ३.६ मुलं, बांगलादेशात २.३. पाठोपाठ बाळंतपणं झाली की आईच्या अंगात रक्त राहत नाही, बाळ कमी वजनाचं येतं. बांगलादेशात कुटुंब नियोजनाच्या बाया कितीतरी वर्षं दारोदार फिरल्या, त्याचंही हे फळ.

निपाणीची पोर
सिस्टर, मग कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटी लागतेच ना? ती गरीब देशानं आणायची कुठनं?

खानापूरची सिस्टर
दर वेळी नाही लागत. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस दुपटी वाळत नाहीत, ओलसर दुपट्यात बाळ गार पडतं. तिकडच्या एका बाळंतिणीचं बाळ दीड किलोचं. उघडं बाळ तिच्या छातीला लावलं, डोक्याला टोपी, वरनं नऊवारीचा पदर घट्ट गुंडाळला. सासू म्हणाली, "असं माकडिणीसारखं काय लावून ठेवलंय, आंघोळ कधी घालायची?" तिला खुर्ची दिली आणि सून जेवेपर्यंत बाळ तिच्याच छातीला बांधलं. मग काय, म्हातारी बाळ परत द्यायला तयार होईना! ही कांगारू पद्धत १९७८ ला कोलंबियात निघाली, तीसुद्धा पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणूनच. पण श्वास लागलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला मोठा दवाखानाच पाहिजे, तिथं घरगुती शहाणपण नको.

चंदगडचा गडी
मान्य, सिस्टर. पण हे आकडे तरी खरे असतात का?

खानापूरची सिस्टर
सगळे नसतात. दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ कितीदा "मेलेलंच जन्मलं" म्हणून लिहितात. मग नवजात मृत्यू कमी दिसतात, मृतजन्म फुगतात. पोरी, दोन्ही रकाने शेजारी शेजारी घे. आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू वेगळे मिळाले तर तेही काढ, सरांना तिथनंच समजावता येईल.