पावसात गाडी चालू होईना: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०२: नमस्कार मंडळी. बाबांची जुनी स्प्लेंडर तीन दिवस झाले सकाळी चालू होईना. चोक ओढून पंधरा-वीस किका मारल्या की पकडते, चोक सोडला की लगेच बंद. गॅरेजवाला म्हणतोय कार्ब्युरेटरच (पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग) बदला. बाबांना साडेसातला उद्यमबागेत पोचायचं असतंय. काय करू?

सी-१०३: प्लग बदल की. पावसात सगळ्यांचंच होतंय.

ए-१०४ (काका): थांब बाळा, अजून काही बदलू नको. आधी प्लग काढून बघ. ओला असला नि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल जास्त होतंय, नाहीतर करंट नाही. कोरडा असला तर पेट्रोलच पुरत नाही. करंट बघताना प्लग हेडला टेकव, पण भोकापासून लांब. तिथनं पेट्रोलची वाफ येते.

बी-३०२: काढला काका. कोरडा आहे, टोक पांढुरकं. ठिणगी चांगली निळी पडते.

ए-१०४ (काका): मग प्लगला कशाला पैसे घालायचे? चोकनं हवा कमी होते, म्हणून तेवढ्यापुरती पकडते. सोडला की बंद, म्हणजे स्लो जेटमधनं पेट्रोल कमी येतंय. रेस न देता गाडी चालते तेव्हा कार्ब्युरेटरमधल्या याच बारीक भोकातनं पेट्रोल येतं. कचरा असणार नाहीतर पाणी. गाडी लावता कुठं?

बी-३०२: शेडबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ. आठवडाभर झड लागलीय ना.

ए-१०४ (काका): काचेची छोटी बाटली घेऊन खाली ये. पेट्रोल कॉक बंद कर. इंजिन गार असू दे.

सी-२०१ (वहिनी): काका, आमच्या नव्या गाडीला चोकच नाही. तीही सकाळी नखरे करते.

ए-१०४ (काका): वहिनी, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, म्हणजे धुराचा कडक नियम. तुमच्या गाडीला कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आहे, पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारतं. चावी फिरवून दोन-तीन सेकंद थांबा, पंपाचा गुंईं आवाज थांबला की मगच सेल्फ मारा. अॅक्सिलरेटर पिळू नका. तरीही सेल्फ जड फिरत असला तर बॅटरी तपासून घ्या.

डी-४०२: माझी सकाळी एका किकला होते, खानापूरहून आल्यावर गरम असताना होत नाही.

ए-१०४ (काका): टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची (झडपेची) फट, बघून घ्या. फट फार कमी झाली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. इंजिन पूर्ण गार असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावायचा. माप तुमच्या गाडीच्या पुस्तकातलंच घ्या, दुसऱ्या गाडीचं चालत नाही.

(तासाभरानं)

बी-३०२: मंडळी, सापडलं! कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या बाऊलखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घेतलं. बाटली उजेडात धरली तर तळाशी वाटाण्याएवढे दोन थेंब वेगळे लोळत होते. बाटली तिरकी केली की पेट्रोलखालनं घरंगळायचे. पाणी!

ए-१०४ (काका): आणि आलं कुठनं तेही सांग सगळ्यांना. त्याशिवाय परत भरणार.

बी-३०२: टाकीचं झाकण उघडलं तर कडेच्या खोबणीत पाणी साचलेलं. ते वाहून जायला बारीक भोक आहे, खाली नळी आहे. भोक चिखलानं गच्च बुजलं होतं. झाकण उघडलं की साचलेलं पाणी टाकीत. काकांनी सायकलच्या पंपानं हवा मारून मोकळं केलं. टाकीतलं पेट्रोलही काढलं, तळाला आणखी पाणी होतं.

ए-१०४ (काका): हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. थोडं असलं तर मिसळून जातं, जास्त झालं की खाली वेगळं बसतं. आणि सी-१०३, जेट उजेडात धरला तर पलीकडचं दिसतच नव्हतं. तारेनं टोचायचं नाही हां, भोक मोठं होतं मग अॅव्हरेज जातं. कार्ब क्लीनर नि हवा एवढंच.

बी-३०२: आता दुसऱ्या किकला चालू झाली, चोक सोडला तरी ठोकेबंद चालली. बाबा खूश आहेत. काका, उद्या संध्याकाळी डी-४०२ च्या टॅपेटला मी हात लावू का, तुमच्यासमोर?

ए-१०४ (काका): ये की. पण गाडी दुपारपासून बंद ठेवायला सांग त्यांना. आणि ती बाटली पार्किंगच्या गटारीत ओतू नको, माझ्याकडं आणून दे.