शॉवर निवडताना, बसवताना : अनुभव धागा

नवा शॉवर लावलेल्यांनी आणि लावून देणाऱ्यांनी इथं लिहा. ब्रँडचं कौतुक नको. मापं, सुटे भाग आणि कुठं फसतं तेवढं सांगा.

—

आधी प्रेशर बघा, मग शॉवर. टाकीच्या दर मीटर उंचीला 0.1 बार (प्रेशरचं एकक) मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकीचं पाणी शॉवरच्या जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. त्यावर आठ इंची रेन शॉवर लावला की पाऊस कसला, नुसत्या पागोळ्या! शॉवरच्या पॉइंटखाली 10 लिटरची बादली धरा. भरायला दीड मिनिटाच्या वर लागलं तर चार इंची, कमी भोकांचा शॉवर घ्या, नाहीतर टाकीच्या आउटलेटला प्रेशर पंप लावा. पण त्याआधी गीझरच्या पाटीवरचं कमाल प्रेशर वाचा.

—

कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत बसणारा, पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा कॉक) असेल तर सगळा खेळ तो भिंतीत किती आत बसतो याचा. त्याच्या भिंतीतल्या भागावर, म्हणजे बॉडीवर, असलेल्या प्लॅस्टिक टोपीवर मिनिमम-मॅक्सिमम रेघा असतात. टाइलचा वरचा पृष्ठभाग त्या दोन रेघांमध्ये यायला हवा. प्लंबर विटेच्या भिंतीला धरून बॉडी बसवतो, वर प्लास्टर, मसाला, टाइल चढते आणि बॉडी आत बुडते. मूठ लागतच नाही. मग लांबी वाढवणारा जोडतुकडा (एक्स्टेन्शन) शोधत हिंडा, त्याच मॉडेलचं मिळालं तर! टाइलचा तुकडा हातात धरून माप घ्यायला लावा.

टाइल लावण्याआधी सगळे पॉइंट डमी प्लगनं बंद करून, गरम-गार लाइन होजनं जोडून प्रेशर टेस्ट कराच. गेजचा काटा उतरला तर भिंत अजून उघडी आहे, हे नशीब.

—

शॉवर आर्म (भिंतीतून शॉवरपर्यंत येणारी नळी) अर्धा इंची. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, 10-12 वेढे. उलटी गुंडाळली तर पिळताना सुटते. भिंतीतला एल्बो (कोपऱ्याचा जोड) पितळी आट्यांचाच घ्या. नुसत्या प्लॅस्टिकचा जास्त पिळला की तडकतो आणि ओल शेजारच्या खोलीत दिसते. आर्म लावण्याआधी दोन मिनिटं पाणी सोडा, नाहीतर सिमेंटची रेती थेट जाळीत.

—

गीझरचंही गणित करा. 15 लिटर पाणी 60 अंशांवर, गार 25 अंश, तर 40 अंशांचं साधारण 35 लिटर होतं. मिनिटाला 8 लिटरच्या शॉवरखाली चार-साडेचार मिनिटं. तीन लिटरचा इन्स्टंट बादलीसाठी ठीक.

—

बोअरचं पाणी असेल तर रबरी नोझलचाच घ्या, क्षार अंगठ्यानं चोळले की पडतात.