'वॉश'ला मराठीत काय म्हणाल?

दौतलेखणी: इटालियन चित्रकार गुएर्चिनोच्या (१५९१–१६६६) एका रेखाटनावर टीप लिहितेय. खाली संत, वर देवदूत, नेहमीचा बरोक थाट. मूळ नोंद 'पेन, ब्राऊन इंक, ब्राऊन वॉश'. लेखणी आणि तपकिरी शाई जमली, 'वॉश'वर अडलेय. 'धुणे' लिहिलं तर संतांचे कपडे वाळत घातल्यासारखं वाटतं. शाईत पाणी घालून कुंचल्याने सावली भरायची आणि कागद कोरा सोडायचा तोच उजेड. याला शब्द?

जलरंगी: वॉशच. इंटरमीजिएट ग्रेडच्या परीक्षेपासून आम्ही 'वॉश मारतो'.

शुद्धमती: 'मारतो' म्हणे! 'छटालेप' का नको?

जलरंगी: लेप जाड असतो हो, चंदनाचा किंवा मुलतानी मातीचा. हा कागद जेमतेम भिजवतो.

कोकणातला: आजी चुलीवरून पोतेरं फिरवायची, पातळ, एका हातासरशी. 'पोतेरं' घ्या की!

बोरूबहाद्दर: मुळात 'तपकिरी शाई' जमली कशी? शाई फारसी 'सियाह'वरून, म्हणजे काळी.

शुद्धमती: म्हणूनच 'मसी' लिहावं.

बोरूबहाद्दर: मसी तरी कुठे गोरी आहे?

खलबत्ता: गंमत म्हणजे अशा जुन्या रेखाटनांतली बरीच शाई मुळात काळीच होती. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची. हो, बाळगुटीतलंच मायफळ. आमच्याकडे उगाळलेलं पाणी लोखंडी विळीवर सांडलं, तर सकाळी पातं निळंकाळं! तीच शाई वर्षानुवर्षांनी तपकिरी पडते आणि नोंदीत आज दिसतो तो रंग येतो. बिस्टर मात्र लाकडाच्या काजळीची, जन्मतःच तपकिरी.

जलरंगी: मायफळाची शाई कागद खातेही. जिथे थेंब साचला तिथे आधी मागे डाग, मग चीर, मग भोक. गुएर्चिनोच्या काही कागदांची हीच गत झालीय. सावली जितकी गडद, तितका धोका.

शुद्धमती: मग 'तपकिरी पडलेली मसी' लिहा.

दौतलेखणी: बरं, पण वॉश?

कोकणातला: सेपिया राहिलीच की! ती आमच्या माकुलाच्या शाईची. साफ करताना पिशवी फुटली की आईच्या शिव्या.

बोरूबहाद्दर: माकूल नव्हे, म्हाकूल.

कोकणातला: तुमच्या गावात असेल.