मदत हवी आहे: आयरिश दंतकथेतले काळ्या केसांचे फिर बोल्ग म्हणजे नक्की कोण?

नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली नोकरीसाठी आयर्लंडमधल्या गॉलवेत आहे. ऑफिसात एक जण आहे, केस काळेभोर, डोळे निळे, तो म्हणाला आम्ही 'ब्लॅक आयरिश', १५८८ ला स्पॅनिश आरमाराची जहाजं इथल्या किनाऱ्यावर फुटली ना, त्या खलाशांचे वंशज. मला काही पटेना. किनाऱ्याला लागलेल्यांतले बरेच तर मारलेच गेले, उरलेल्या मूठभरांनी इतक्या लोकांचे केस काळे केले होय? म्हणून वाचायला घेतलं आणि आता पार गुंतलोय. आयरिश दंतकथेत या बेटावर एकामागून एक लोक येऊन वसतात: आधी फिर बोल्ग, मग जादूगार तुआहा डे डॅनन, आणि शेवटी मिल नावाच्या पुरुषाची मुलं, म्हणजे आजच्या आयरिशांचे कथेतले पूर्वज.

१६५० च्या सुमारास मॅक फिरविशी नावाच्या वंशावळकाराने लिहून ठेवलंय (जुन्या पुस्तकातून घेतलं म्हणतो) की तपकिरी केसांचे, शूर, दिलदार ते मिलच्या मुलांचे वंशज, सोनेरी केसांचे, गाण्यात आणि जादूत पटाईत ते तुआहा डे डॅननचे, आणि काळ्या केसांचे, बडबडे, चहाडखोर ते फिर बोल्गचे. म्हणजे कथेत जे शेवटी येऊन मालक झाले ते दिलदार, आणि आधीचे चहाडखोर! (ओळखीचं वाटतंय ना? असो.)

आता गंमत बघा. २०१६ मध्ये बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटीच्या एका बाईचा डीएनए वाचला, पाचेक हजार वर्षांपूर्वीची शेतकरी, पूर्वज बरेचसे पश्चिम आशियाकडचे, आणि केस काळे. तिच्यानंतर हजारेक वर्षांनी रॅथलिन बेटावरच्या तिघा पुरुषांत मात्र स्टेपकडचा (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतल्या लोकांचा) अंश सापडतो. लगेच वाटतं, अरे हेच ते फिर बोल्ग!

पण आयर्लंडात कोण कोण येऊन वसलं ते सांगणारं 'लेबर गबाला' रचलं गेलं अकराव्या शतकात, त्यात तीन-चार हजार वर्षांची आठवण कशी टिकेल? रोमन इतिहासकार टॅसिटसनेही वेल्सच्या सिल्युर लोकांचे कुरळे केस बघून ते स्पेनहून आले असतील असा अंदाज ठोकलाच होता, म्हणजे केसांवरून कूळ काढायची खोड जुनीच. आणि काळे केस वाईट म्हणावेत तर आयरिश कथेतली नायिका डिअर्ड्रा, तिला नवरा हवा होता तो कावळ्यासारख्या काळ्या केसांचा, रक्तासारख्या लाल गालांचा.

मला वाटतं मॅक फिरविशीचं ते वर्णन म्हणजे खालच्या थरातल्या लोकांना मारलेला टोमणा आहे, वंशाची आठवण वगैरे काही नाही. पण फिर बोल्गना काळ्या केसांचे म्हणणारा १६५० च्या आधीचा एखादा मजकूर कुणाला माहितीय का? इंग्रजी भाषांतर असलं तरी चालेल, जुनं आयरिश माझ्या बापाला येत नाही.